आवाज ओळखतो, नंबर सांग

आगगाडीत बसणारा माणूस इंजिन चालवणाऱ्याचे नाव कधी विचारीत नाही. हाच माणूस घरी नवी मोलकरीण ठेवताना ती कुठली, आधी कोणाकडे होती, तिथले काम का सोडले, याची तासभर चौकशी करतो. भाजीवालीच्या काट्याकडे डोळे बारीक करून पाहतो. होणाऱ्या जावयाच्या पगाराची खातरजमा दोन वेगवेगळ्या बाजूंनी करून घेतो. आणि रात्री दौंडला गाडीत चढला की चादर डोक्यावरून ओढून खुशाल घोरू लागतो. काळोखातून आपण सुसाट फेकले जात आहोत, पुढचा रूळ मोकळा आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, याचे त्याला काहीच वाटत नाही. ड्रायव्हरला ते कोणी तरी सांगितले असेल, एवढ्या भरवशावर त्याची झोप बेतलेली असते.

हे 'कोणी तरी' कोण, आणि त्याचे सांगणे खरे कशावरून, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. फराळाच्या ताटात कोणी पाना-स्क्रू आणून ठेवावा तसा हा विषय दिवाळी अंकात दिसेल, याची मला कल्पना आहे. पण माझा एक पुतण्या, म्हणजे मामेभावाचा मुलगा, रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. तो सुटीला घरी आला की 'सायबर सुरक्षा', 'मानके', 'ऑपरेशनल टेक्नॉलॉजी' असले शब्द पोह्यांबरोबर तोंडी लावतो. पहिल्या दिवशी मी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की हा मुलगा जे सांगतो आहे ते त्याच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या मामांनी, मला पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात शिकवले होते. त्या वेळी त्याला इतके भारदस्त नाव नव्हते, इतकेच.

मामा स्टेशनमास्तर होते. दौंड-मनमाड हा रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि त्याचा बराचसा भाग नगर जिल्ह्यातून जातो. विळद, वांबोरी, राहुरी, बेलापूर, चितळी, पुणतांबे, कोपरगाव ही नावे आमच्या पिढीला पाढ्यांसारखी पाठ असत. (यातल्या बेलापूर स्टेशनावर उतरणारा माणूस श्रीरामपूर गावात उतरतो, हे परक्या माणसाला समजावून सांगता सांगता पुरेवाट होते. नावावरून ओळख पटवू नये, हा धडा त्या स्टेशनाच्या पाटीवरच लिहिलेला आहे.) या मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनावर मामांची नेमणूक होती. १९७२ च्या दुष्काळाच्या आधीच्या दोनतीन दिवाळ्या मी तिथे काढल्या. एकच रूळ, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्या, वाफेची इंजिने. एका रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी जे काही करायचे, ते मामांच्या टेबलाशेजारच्या यंत्रात होते.

हे यंत्र म्हणजे नीलचे टोकन यंत्र. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. दोन शेजारच्या स्टेशनांवर अशी दोन यंत्रे, तारेने जोडलेली. दोन्हींच्या पोटात धातूचे गोळे. इकडच्या मास्तराने घंटेच्या ठोक्यांनी विचारायचे, तिकडच्याने रूळ मोकळा असल्याची खात्री करून आपल्या यंत्राची मूठ फिरवून संमती द्यायची, तेव्हाच इकडे एक गोळा खाली पडे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि कडे ड्रायव्हरच्या हातात. गोळा जवळ असेल तोच ड्रायव्हर पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार. तो गोळा पलीकडच्या यंत्रात जाऊन पडेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा गोळा निघणे शक्य नाही. त्यातही कारागिरी अशी, की लगतच्या दोन टप्प्यांच्या गोळ्यांवरच्या खाचा वेगळ्या असत. या टप्प्याचा गोळा त्या टप्प्याच्या यंत्रात शिरतच नसे. म्हणजे परवानगी हातात धरता येत होती. ती एकाच वेळी दोघांना देता येत नव्हती. आणि ती कोणत्या रस्त्याची आहे हे तिच्या अंगावरच कोरलेले होते.

पण मला खरा लळा होता तो मामांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणातल्या एका साध्या कागदाचा. त्यावर दोन आकडी संख्या कशाही, काही क्रम नसलेल्या, छापलेल्या असत. याला 'प्रायव्हेट नंबर' म्हणत. फोनवरून महत्त्वाचा निरोप द्यायचा असेल, उदाहरणार्थ गेटमनने 'फाटक बंद केले' असे कळवायचे असेल, तर त्याने आपल्या कागदावरचा पुढचा नंबर सांगायचा आणि लगेच खोडायचा. मास्तराने तो आपल्या वहीत लिहायचा. खोडलेला नंबर पुन्हा चालत नसे. कागद कोणाला दाखवायचा नाही. मामी एकदा खण आवरायला गेली तर मामांनी तिला असे पाहिले, की त्या दिवशी भाजीत मीठ कमी पडले.

आज बँकेकडून आपल्या फोनवर जो नंबर येतो, एकदाच चालतो आणि कोणाला सांगू नये म्हणतात, तो याच जातीचा. आमच्या सौभाग्यवतींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुमच्या मामांना कोणी वीजबिलाचा साहेब म्हणून फोन केला नाही का?"

केला होता. साहेबाने नव्हे, गेटमनने, आणि फसवण्यासाठीही नव्हे.

धनत्रयोदशीच्या आधीची रात्र असावी. एक मालगाडी बाहेरच्या सिग्नलापाशी येऊन थांबली होती. फाटक बंद असल्याखेरीज मामा सिग्नल पाडणार नव्हते. फोन वाजला. गेटमन म्हणाला, "मास्तर, गेट बंद हाय." मामांनी विचारले, "नंबर?" गेटमन म्हणाला की कागद पेटीत आहे आणि पेटीची किल्ली बदलीवरचा माणूस घेऊन गेला आहे, पण गेट बंद आहे, डोळ्यांनी पाहतो आहे, सोडा गाडी. मामा पुन्हा म्हणाले, "नंबर?" आता या गेटमनचा आणि मामांचा आठनऊ वर्षांचा घरोबा. आम्ही पोरे त्याला बाबा म्हणत असू. भुईमुगाच्या शेंगांचे पहिले गाठोडे आमच्याकडे येई. बाबा चिडून म्हणाला, "मास्तर, माझा आवाज वळखत न्हाई का?" मामा शांतपणे म्हणाले, "आवाज ओळखतो, बाबा. नंबर सांग."

दुसऱ्या फोनवरून कंट्रोलचा तगादा चालू होता. मालगाडी साखरेची की कोळशाची आठवत नाही, पण तिला उशीर होत होता आणि तो उशीर मामांच्या नावावर लागणार होता. मामांनी लेखी सावधगिरीचा हुकूम लिहिला, पॉइंटमनच्या हाती कंदील आणि तो कागद देऊन त्याला ड्रायव्हरकडे पाठवले: फाटकापाशी थांब, स्वतः पाहा, मग पुढे जा. गाडी तशी गेली. फाटक बंदच होते.

हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. फाटक बंदच होते, बाबा खरेच बोलत होता, आणि पंचवीस मिनिटे वाया गेली. मामांना शाबासकी मिळाली नाही. खुलासा द्यावा लागला. बाबा तर तीन दिवस आमच्या दारावरून मान वळवून गेला. "मी काय चोर हाय का?" असे तो पॉइंटमनला म्हणाल्याचे मामीने ऐकले. पाडव्याला तो शेंगांचे गाठोडे घेऊन आला, पण ओसरीवर ठेवून लगेच निघून गेला.

आपल्याकडे पुरावा मागणे म्हणजे अविश्वास आणि अविश्वास म्हणजे अपमान, असे एक समीकरण आहे. ओळखीच्या दुकानदाराकडे पावती मागताना आपली जीभ अडखळते. वाड्यातल्या माणसाला दिलेल्या पैशांची चिठ्ठी लिहून घेताना आपणच शरमतो. बाबाचे दुःख मला आजही कळते. पण मामांचा प्रश्न बाबाला नव्हताच. तो निरोपाला होता. तारेतून आलेला निरोप बाबाचा आहे, आत्ताचा आहे, मागच्या गाडीचा पुन्हा आलेला नाही, हे त्यांना त्या निरोपाकडूनच वदवून घ्यायचे होते.

पुतण्याने मला सांगितले, की युरोपात ईएन ५०१५९ नावाचे एक मानक आहे, आणि त्यात रेल्वेच्या निरोपाला काय काय होऊ शकते याची यादी दिलेली आहे. निरोप दुसऱ्यांदा येतो. निरोप वाटेतच गळतो. भलताच मधे घुसतो. पुढचा मागे, मागचा पुढे होतो. त्यातला मजकूर बिघडतो. उशिरा येतो. आणि सातवा, दुसऱ्याच्या नावाने येतो. मी म्हटले, "अरे, ही तर आपल्या लग्नातल्या निरोपांची यादी आहे!" तो हसला, पण पुढे म्हणाला की या सातांपैकी प्रत्येकावर उतारा असल्याखेरीज आगगाडीला रेडिओवरून हुकूम देता कामा नये. प्रत्येक निरोपाला क्रमांक, वेळ आणि गुप्त खूण हवी. मामांचा खोडायचा नंबर हा यातल्या दोनतीन रोगांवरचा घरगुती उतारा होता.

आता त्या मार्गावरून विजेची इंजिने धावतात. देशातल्या पुष्कळ स्टेशनांवर सिग्नल आणि सांधे संगणक हलवतो. मास्तरापुढे पडदा असतो. गोळा गेला आणि त्याच्या जागी विजेची एक लहर आली. परवानगी हातात धरता येईनाशी झाली. इथूनच नव्या काळजीला सुरुवात होते.

जुन्या इंजिनियरांनी एकच प्रश्न विचारून रेल्वे सुरक्षित केली: हे मोडले तर काय होईल? तार तुटली तर सिग्नल आपोआप लाल व्हावा, शंका आली तर गाडी थांबावी, हे तत्त्व त्यातूनच आले. आपल्या देशात तयार झालेली 'कवच' ही यंत्रणा याच परंपरेतली. रुळांमधल्या खुणेच्या पट्ट्या, स्टेशनातले यंत्र आणि इंजिनातले यंत्र रेडिओवरून एकमेकांशी बोलतात, आणि ड्रायव्हर लाल सिग्नल ओलांडू लागला तर ब्रेक आपोआप लागतो. २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली, आणि सुरुवातीला जे मार्ग घेतले त्यांत मनमाडहून निघून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकडे जाणारा मार्ग होता. म्हणजे कोपरगावच्या उंबऱ्याशीच. तिची सुरक्षिततेची पातळी सर्वांत वरची, चौथी. तिचा अर्थ असा, की घातक बिघाडाची शक्यता दहा कोटी तासांत एकदाहून कमी. दहा कोटी तास म्हणजे अकरा हजार वर्षांहून अधिक. ऐकून छाती फुगते.

पण हा हिशेब गंजाचा, पावसाचा आणि उंदरांचा आहे. गंजाला हेतू नसतो. २००८ च्या जानेवारीत पोलंडमधल्या वुच शहरात चौदा वर्षांच्या एका शाळकरी पोराने टीव्हीचा रिमोट उघडून, त्यात फेरफार करून ट्रामचे सांधे बदलण्याचे यंत्र बनवले. चार ट्राम घसरल्या, बारा माणसे जखमी झाली. तो मुलगा दहा कोटी तासांच्या हिशेबात कुठे बसवायचा? मुलगा सकाळी शाळेला गेला की यायचा, अशी त्याची शक्यता.

त्याच देशात २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणखी मजा झाली. तिथल्या गाड्यांच्या रेडिओवर तीन विशिष्ट सूर वाजले की गाडीने थांबायचे, अशी जुनी सोय होती. ते सूर कोणालाही ठाऊक. कोणी तरी ते वाजवले आणि वीसएक गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोणी मेले नाही, कारण थांबणे सुरक्षितच असते. पण पाहा, शंका आली तर थांब हा आपला सद्‌गुणच चोराने हत्यार म्हणून वापरला. त्या सुरांना प्रायव्हेट नंबर नव्हता. आवाज ओळखून गाड्या थांबल्या.

म्हणून मानकांचा खटाटोप. कारखान्यांसाठी आयईसी ६२४४३ हे मानक होते. त्याच्या आधाराने २०२१ मध्ये युरोपात रेल्वेसाठी टीएस ५०७०१ निघाले, आणि साऱ्या जगासाठी आयईसी ६३४५२ चे काम हाती घेण्यात आले. आकडे ऐकून घाबरू नका, मीही घाबरलो होतो. त्यातला गाभा आपल्या जुन्या वाड्यात राहिलेल्या कोणालाही कळेल. दिंडी दरवाजातून कोणीही यावे. ओसरीवर ओळखीच्याने बसावे. माजघरात घरच्याने. देवघराशी सोवळ्यात असेल त्यानेच. प्रवाशांचे फुकटचे वायफाय, स्टेशनातला गाड्यांच्या वेळांचा फलक, तिकिटांचा संगणक, ही सारी ओसरी. सांधे हलवणारा संगणक हे देवघर. या दोहोंत भिंत असावी, भिंतीत दार असलेच तर एक असावे, आणि त्या दारातून कोण केव्हा गेले याची नोंद असावी. आपल्याकडे २०२२ पासून असा नियम झाला आहे, की सायबर घुसखोरी झाल्यास ती सहा तासांच्या आत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेला कळवावी आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या. नोंदीचे महत्त्व मुंबईकरांना सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या आणि माणसे उतरून चालू लागली. पुढे राज्य सरकारच्या गृहमंत्र्यांनी घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्राच्या वीजमंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. लोकांनी आपापल्या पक्षाप्रमाणे खरे मानले.

परंतु भिंतीवर फार विसंबू नये, हे नगरकराला इतिहासाने शिकवले आहे. १५९६ मध्ये मोगलांनी किल्ल्याखाली सुरुंग पेरले, तट फोडला, तरी चांदबिबीने किल्ला राखला. १६०० साली तिचा जीव घेतला तो तटाच्या आतल्या माणसांनी.

आणि आतला माणूस दुष्टच असावा लागतो असेही नाही. २ जून २०२३ रोजी ओरिसात बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक माणसे गेली. पहिल्या दिवसांत घातपाताच्या वावड्या उठल्या. चौकशीत निघाले ते सिग्नलच्या तारांच्या जोडणीतले दोष. फाटकाच्या दुरुस्तीचे काम चालू असताना ते भोवले. संगणकाला जे कळवले गेले ते खोटे होते, आणि त्याने ते खरे मानले. तेव्हापासून सिग्नलच्या खोलीच्या दुहेरी कुलपाचा आग्रह वाढला, असे पुतण्या सांगतो. एक किल्ली मास्तराकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. एकट्याला आत जाता येत नाही. काम सुरू करण्याआधी लेखी मेमो, संपल्यावर तपासणी आणि पुन्हा सही.

मी त्याला विचारले, "हे सगळे पाळतात का रे?"

त्याने लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाला, "काका, गाडी लेट होत असते." आणि त्याने मागच्या महिन्यातली हकीकत सांगितली. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा एक इंजिनियर आला. सहा वर्षांची ओळख, दोघे एकमेकांच्या घरी जेवलेले. यंत्रातल्या नोंदी हव्या होत्या. खिशातून पेनड्राइव्ह काढून म्हणाला, दोन मिनिटांचे काम आहे, लाव. पुतण्या म्हणाला, बाहेरचा पेनड्राइव्ह चालत नाही; आमच्या कचेरीतला तपासलेला आणावा लागेल, आणि पत्रही. इंजिनियर म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही?" पुतण्याने सांगितले की तुझ्यावर आहे, पण हा पेनड्राइव्ह कालपर्यंत कुठकुठल्या संगणकांत जाऊन आला ते तूही सांगू शकणार नाहीस.

आजोबांची ती गोष्ट याला ठाऊक नव्हती. मी सांगितली तेव्हा तो चहाचा कप हातात धरून बसून राहिला आणि मग त्याने एकच चौकशी केली: आजोबांच्या खुलाशाचे पुढे काय झाले? मी म्हटले, काही झाले नाही. खुलासा फायलीला लागला. "आणि तुझ्या इंजिनियरचे?"

"दुसऱ्या दिवशी आला," तो म्हणाला, "पत्र घेऊन. पण डबा मात्र स्वतंत्र बसून खाल्ला."